रित्या हातांनी घ्यावयाची भेट

जपानच्या नागानो प्रांतात, सुमारे ८५० मीटर उंचीवर, जिगोकुदानी हे माकडांचे उद्यान १९६४ साली सुरू झाले. भूगर्भातून उसळणाऱ्या वाफेमुळे या जागेस ‘नरकाची दरी’ हे नाव पडले. येथे पिंजरे नाहीत. रानातील माकडे स्वेच्छेने येतात, हिमवृष्टीत उष्ण पाण्याच्या कुंडात बसतात आणि पुन्हा डोंगरात परततात.

प्रवाशाला जंगलवाटेने सुमारे दीड किलोमीटर पायी जावे लागते. तेथे नियम मोजकेच आहेत : खाद्य देऊ अथवा दाखवू नये, स्पर्श करू नये, डोळ्यांत रोखून पाहू नये, कारण माकडाला ते आव्हान वाटते. कळपाला खाद्य टाकण्याचे काम फक्त कर्मचाऱ्यांचे.

या नियमांमागे कार्यकारणभाव आहे. प्रवाशाच्या हातून घास मिळू लागला की माकड पिशवी हिसकावण्यास शिकते. पुढे एखाद्या मुलाला चावा बसतो आणि ‘उपद्रवी’ हा शिक्का मात्र माकडावर बसतो.

आपणही घाटात गाडी थांबवून माकडांपुढे केळी धरतो व त्याला भूतदया मानतो. परिणामांचा विचार नसलेली दया अपुरीच होय. सहलीला निघालेल्या आपल्या मुलांना एवढे अवश्य सांगावे : डोळे भरून पाहा, हात मात्र रिते ठेवा.