वाढत्या मापाची स्की नको

मुलांचे कपडे दोन बोटे मोठे घ्यावेत, ही व्यापारी घरांतील जुनी रीत. मूल वाढते, कापड टिकते आणि एका खर्चात दोन दिवाळ्या निघतात. हिशोब चोख आहे. पण बर्फाच्या उतारावर तो साफ उलटतो.

हिवाळ्यात काश्मीरमधील गुलमर्ग किंवा उत्तराखंडातील औली येथे जाणारी कुटुंबे आता केवळ बर्फ पाहून परतत नाहीत. मुलांना चार दिवस स्कीइंगही शिकवतात. साहित्य तेथे भाड्याने मिळते. दुकानात पालकांची नजर प्रथम लांब, झगमगीत जोडीकडे जाते. लहान मुलासाठी नेमकी तीच बाजूला ठेवावी.

स्की उभी धरली असता तिचे टोक नवशिक्या मुलाच्या छाती आणि हनुवटीच्या दरम्यान यावे. ११५ सेंटिमीटर उंचीच्या, सहा वर्षांच्या मुलाला साधारणतः ८५ ते ९५ सेंटिमीटरची जोडी पुरते. मूल किरकोळ बांध्याचे किंवा भित्रे असेल, तर यातले आखूड माप घ्यावे. नवशिके मूल वेग आवरण्यासाठी स्कीची पुढची टोके जवळ आणते आणि मागची फाकवते. लांब स्की अशी फिरवण्याइतके बळ कोवळ्या पायांत नसते. स्की लवचिकही हवी. मोठ्यांची ताठ स्की वीस किलोच्या मुलाच्या भाराने वाकत नाही. ती वळण्याऐवजी सरळ धावते.

स्कीपेक्षाही अधिक लक्ष बुटांकडे द्यावे. त्यांचे माप पावलाच्या लांबीवरून, सेंटिमीटरमध्ये सांगितले जाते. बुटाचे आतले मऊ अस्तर काढून मुलाचे पाऊल कवचात ठेवावे. बोटे पुढे टेकली असता टाचेमागे एक ते दीड सेंटिमीटर जागा उरावी. त्याहून फार मोठ्या बुटात टाच उचलली जाते आणि पायाची हालचाल स्कीपर्यंत पोहोचतच नाही. मोजे एकावर एक दोन घालू नयेत. घड्या पडून पाय दुखतात. उंच, पातळ असा एकच जोड पुरे.

बूट स्कीला जोडणारी कळ म्हणजे बाइंडिंग. घरातील वीजवाहिनीत फ्यूज असतो, तसेच हिचे काम. पडताना ठरावीक जोर आला की ती सुटते आणि पाय मोकळा होतो. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकेतील स्कीपटू यालमार व्हाम यांचा पाय १९३७ मध्ये मोडला आणि त्यानंतर त्यांनी आपोआप सुटणारी बाइंडिंग तयार केली. आजच्या बाइंडिंगवर आकडे असतात. मुलाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून जाणकाराने तो आकडा लावायचा असतो. येथे वजन फुगवून सांगू नये, की ‘आमचा मुलगा तरबेज आहे’ अशी बढाईही मारू नये. आकडा जास्त लागला, तर पडल्यावर कळ सुटत नाही आणि नडगीचे हाड किंवा गुडघा पणाला लागतो. वजनमापातील खोट व्यापाऱ्याला पत गमावून बसवते. येथे ती मुलाच्या पायाला भोवते. आधीच्या गिऱ्हाइकासाठी लावलेल्या आकड्यावर तीच जोडी उचलू नये. आपल्यासमोर नव्याने लावून घ्यावी.

आता खर्चाचा विचार. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते आणि पाऊलही वाढते. वर्षातून चार दिवस वापरायची जोडी विकत घेणे म्हणजे भांडवल अडकवणे होय. भाड्याची जोडी दरवर्षी नव्या मापाची मिळते. परदेशी बर्फाळ प्रदेशांत स्थायिक झालेल्या नातलगांनाही संपूर्ण हंगामासाठी भाड्याने घेण्याचा मार्ग अनेक दुकानांत खुला असतो. जुनी जोडी कोणी फुकट दिली, तरी तिची बाइंडिंग तपासल्याखेरीज वापरू नये.

हेल्मेट मात्र डोक्यावर घट्ट बसणारेच हवे. हातातील काठ्या लहान मुलांना सुरुवातीला लागत नाहीत. त्यांची अडचणच होते. पहिला दिवस सौम्य उतारावर, प्रशिक्षकाबरोबर घालवावा. मूल ‘पाय दुखतो’ म्हणाले, तर त्याला धीर धरायला सांगण्याआधी बूट काढून पाहावेत. संध्याकाळी तेच मूल ‘उद्या पुन्हा जाऊ’ म्हणाले, तर निवड योग्य झाली असे समजावे.