मोठी मूळ संख्या ओळखावी कशी?



कामगार संघटनेतल्या माणसाने गणितावर काय बोलावे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. माझे गणित शाळेपेक्षा पगारपत्रकांवर अधिक झाले. एकदा महागाई भत्त्याचा एक आकडा वरून आला, म्हणून मी करारावर सही केली. दोन वर्षांनी एका फिटरने त्रैराशिक मांडून तो चुकीचा असल्याचे दाखवले. तेव्हापासून आकडा कोणी सांगितला यापेक्षा तो कसा आला, हे मी आधी विचारतो.

१ आणि स्वतः यांखेरीज कशानेही जिला निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २ चा घात घेऊन त्यातून १ वजा केला की कधी कधी अशी संख्या मिळते: ७, ३१, १२७. नेहमी मात्र नाही. ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७ उरतात, आणि ते २३ गुणिले ८९ होतात. १६४४ साली मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने मूळ संख्या देणाऱ्या घातांची यादी दिली. तीत ६७ होता, १२७ ही होता. पुरावा दिला नव्हता.

१२७ व्या घातातून १ वजा केला की ३९ अंकी संख्या येते:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

हिचे वर्गमूळच वीस अंकी आहे. सेकंदाला शंभर कोटी भाजक तपासले, तरी चारशे वर्षे पुरणार नाहीत.

१८७६ साली एदुआर लुकास यांनी वेगळी वाट काढली. पुढे लेमर यांनी तिला सोपे रूप दिले. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि पुन्हा तेच करा. ३१ साठी: ४ वरून १४, १४ वरून १९४, बाकी ८, ८ वरून ६२, बाकी शून्य. घात ५, त्याहून दोन कमी म्हणजे तीन पावले. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाहीतर नाही. १२७ व्या घातासाठी अशी १२५ पावले पुरतात. लुकास यांनी ती संख्या मूळ असल्याचे हाताने गणित करून दाखवले, आणि १९५१ पर्यंत तीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती.

६७ चा दावा मात्र लुकास यांनीच खोटा ठरवला. भाजक कोणते, हे १९०३ साली न्यू यॉर्कमध्ये कोल यांनी दाखवले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मेर्सेनची एकच यादी; तीत एक बोल खरा, एक खोटा. नाव पाहून दोन्ही सारखेच वाटले असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या जाहीर झाली, तीही याच कसोटीवर पुन्हा पुन्हा तपासून. आपणही आज घरी १२७ ही संख्या घेऊन पाच पावले करून पाहा: १४, ६७, ४२, १११ आणि शून्य. माझ्या शब्दावर जाऊ नका.