मिसळ की भेसळ?

मिरवणुकीतलं डीजेचं गाणं कधी नीट कान देऊन ऐकलंय? वर संबळ किंवा हलगी आणि खाली मशीनचा धम्-धम् ठोका! अशी मिसळ नुसती आपल्या छत्रपती संभाजीनगरातच नाही बरं का! जगभरच्या डान्स क्लबांत पूर्वी हाउस, टेक्नो अशा एकेका प्रकाराचा थाट वेगळा असे. आता एकाच गाण्यात टेक्नोही असतं आणि ढोलही.

डीजे हे कसं जमवतो? तो मिनिटाचे ठोके मोजतो. एक गाणं १२० ठोक्यांचं, दुसरं १२४ चं असलं, तर एकाचा वेग किंचित बदलतो. एका कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं ऐकतो, दुसऱ्या कानानं चालू असलेलं. दोन्हींचे ठोके जुळले, की हळूच दुसरं गाणं आत सोडतो!

पण नुसते ठोके जुळून भागत नाही. मुंबईचे चरणजित सिंग यांचंच पाहा ना. हिंदी सिनेमांच्या गाण्यांत ते साथीला वाजवत. १९८२ साली त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून तबकडी काढली. भैरव, यमन, मालकंस, सगळे होते तिच्यात! ठेक्याला एक जपानी मशीन, खर्जाला दुसरं आणि राग वाजवायला तिसरं. खर्जाच्या मशीनवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येई, अगदी आपल्या मींडेसारखं.

तबकडी फारशी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या तरुणांनी तेच खर्जाचं मशीन वापरून गाणं काढलं आणि 'अॅसिड हाउस' जगभर गाजलं. २०१० मध्ये सिंगांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोक थक्क झाले. असंच काहीसं मुंबईत पाच वर्षं आधीच वाजलं होतं! सत्तरी ओलांडलेल्या सिंगांना मग परदेशांतून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

त्यांची मिसळ जमली, कारण त्यांना राग येत होते आणि मशीनही. मिसळीत मटकी, फरसाण, कांदा, प्रत्येकाची चव कळते. भेसळीत ती लपवलेली असते. संगीताचंही तसंच.

आता एक गंमत करा. बाकावर बोटांनी सारखे ठोके द्या आणि त्यावर भूप म्हणा : सा रे ग प ध सा. ठोका चुकला नाही आणि भूपही ओळखू आला, तर तुमचीही मिसळ जमली म्हणायची!