मोकळी जागा आणि अंतराचा हिशेब

मंडळी, "गर्दीचा कंटाळा आला, चॅटम काउंटीत घर घेऊ का?" हा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात आम्हाला कोणीतरी विचारतंच. काही वर्षं इथे राहतोय, म्हणून थोडं समजावून सांगतो.

नॉर्थ कॅरोलायनातली ही काउंटी चॅपल हिलच्या दक्षिणेला आहे. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ६३,५०५ होती, २०२० मध्ये ७६,२८५ झाली. जॉर्डन लेक, पाइनची झाडं, रात्री आभाळभर चांदण्या. मुलं तर खूश!

पण शहरात जी कामं म्युनिसिपालिटी करते, ती इथे गावाबाहेर राहिलं की आपल्याच गळ्यात पडतात. पाणी स्वतःच्या बोअरवेलचं, तपासून घ्यायचं तेही आपणच. पंप विजेवर चालतो, त्यामुळे वादळात वीज गेली की नळही कोरडा. सांडपाण्याला सेप्टिक टँक. तो साधारण ३ ते ५ वर्षांनी उपसून घ्यावा लागतो. आग विझवायला धावून येणाऱ्यांत बरेचजण स्वयंसेवक असतात. फायर स्टेशन लांब असेल तर घराच्या विम्याचा हप्ताही बहुधा वाढतो.

आणि दवाखाना? सायलर सिटीतलं चॅटम हॉस्पिटल २५ खाटांचं. तिथे बाळंतपणाचा विभाग २०२० मध्ये सुरू झाला. मोठं दुखणं आलं की चॅपल हिल गाठायचं.

आम्हाला हे सगळं जमतं, कारण दारात दोन गाड्या आहेत, इन्शुरन्स आहे, घरून काम करता येतं. काउंटीच्या पश्चिमेला, चिकन प्लँटमध्ये राबणाऱ्या कुटुंबाचं तसं नसतं. एकुलती एक गाडी बंद पडली की त्या दिवसाचा पगार, डॉक्टरची अपॉइंटमेंट आणि ग्रोसरी, तिन्ही बुडतात. १ डिसेंबर २०२३ पासून राज्याने मेडिकेडची व्याप्ती वाढवली, अनेकांच्या हातात कार्ड आलं. पण कार्ड काही दवाखान्यापर्यंत सोडायला येत नाही!

म्हणून इथलं राहणीमान सरासरी उत्पन्नावरून कळत नाही. डॉक्टर, दुकान, शाळा किती मैलांवर आणि तिथे पोचायचं कसं, हे आधी विचारावं.

या पुस्तिकेतून जमणाऱ्या निधीतला काही भाग अशा पेशंटांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी जाणार आहे. तुमच्या देणगीमुळे कोणा आजींची डायलिसिसची फेरी चुकली नाही, तर त्याहून चांगलं काय? आणि पैसे नसतील तर गाडी आणि शनिवारची सकाळ द्या. तीही आम्हाला हवीच आहे.