पिल्लू नको, गल्लीतला ओळखीचा कुत्रा घ्या

पावसाळा सरला की वस्तीत पिल्लं दिसू लागतात आणि मुलं एखादं शर्टात गुंडाळून घरी आणतात. मुलांचं मन मोडू नका. पण पिल्लाऐवजी गल्लीतला दीड-दोन वर्षांचा कुत्रा पाळा, असं आम्ही घरोघरी सांगतो.

मागे एका घरी असंच महिनाभराचं पिल्लू आलं. खेळताना मुलाच्या बोटात दात रुतला. "एवढंसं तर आहे" म्हणून आईने हळद लावली. चौथ्या दिवशी पिल्लू मेलं, तेव्हा ती माउली धावत आमच्याकडे आली. लस सुरू केली, मुलगा आज शाळेत जातो. पिल्लाला रेबीज होत नाही हा समज मात्र वस्तीत पक्का आहे. पिल्लालाही तो होतो, आणि माणसात लक्षणं दिसू लागली की जीव वाचत नाही असंच समजा.

पिल्लाला रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात देतात. तोवर दात शिवशिवतात म्हणून ते दिसेल ते चावतं. जंत तर आईच्या पोटातूनच आणतं. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत आणि मातीतून रांगत्या बाळाच्या तोंडात. दहा बाय दहाच्या खोलीत, तासभर नळ येतो तिथं, रात्री उठून कोण पुसणार? आई आणि थोरली मुलगी. (हे बोललो की पुरुषमंडळी हसतात.) मग कंटाळून पिल्लू पुन्हा रस्त्यावर. पंचशील घेणाऱ्या घराला हे शोभत नाही.

मोठ्या कुत्र्याचा स्वभाव सगळ्या गल्लीला ठाऊक असतो. शेपटी ओढली तर काय करतो, खाताना गुरगुरतो का, शेजारणीला विचारा. कानाचा तुकडा कापलेला असेल तर नसबंदी झालेली असते, तेव्हाच रेबीजची लसही देतात. ती पुढे दरवर्षी द्यावी लागते. जनावरांच्या दवाखान्यात कार्ड करून घ्या. कुठून आला माहीत नाही असा कुत्रा मात्र नकोच.

तरीही दात किंवा नख लागलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, तिथं लस मोफत आहे. रक्त आलं असेल तर जखमेत सीरम द्यावं लागतं. ते आपणहून विचारा. त्वचेतली लस त्या दिवशी, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. कामाचा खाडा पडतो म्हणून शेवटची सुई चुकवणारे आम्ही फार पाहिले. ती तारीख दाराजवळ भिंतीवर खडूने लिहून ठेवा.