आधी नोंद, मग काम

डेबियन किंवा उबुंटू चालणाऱ्या कोणत्याही संगणकावर व्हार/लिब/डीपीकेजी ही डिरेक्टरी उघडा. तिथे ‘स्टेटस’ नावाची फाइल असते. संगणकावर बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची नोंद तिच्यात आहे आणि ती साध्या मजकुरात आहे. एका पॅकेजला एक परिच्छेद: नाव, आवृत्ती, देखभाल कोण करतं, कोणत्या पॅकेजांवर ते अवलंबून आहे. मग एक कोरी ओळ आणि पुढचं पॅकेज.

इयान मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली १९९३ मध्ये. पॅकेजं बसवण्याचं आणि काढण्याचं त्याचं साधन म्हणजे डीपीकेजी. त्याची सुरुवातीची रूपं शेल आणि पर्लमध्ये होती. पुढच्याच वर्षी इयान जॅक्सन यांनी त्याचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला. नोंदींची मूळ मांडणी आजही ओळखू येते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रत्येक परिच्छेदातली ‘स्टेटस’ची ओळ खास आहे. तिच्यात तीन शब्द असतात. पहिला सांगतो तुम्हाला काय हवं आहे, दुसरा काही बिघाड आहे का, आणि तिसरा प्रत्यक्षात काय झालं आहे. पॅकेज काढून टाकलं पण त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहिल्या, तर पहिला शब्द ‘डीइन्स्टॉल’ आणि शेवटचा ‘कॉन्फिग-फाइल्स’ असतो. इच्छा आणि वस्तुस्थिती वेगळ्या असू शकतात, हे इथे धरूनच चाललेलं आहे.

पॅकेज उलगडायला घेण्याआधी डीपीकेजी त्याची अवस्था ‘हाफ-इन्स्टॉल्ड’ अशी लिहून ठेवतं. फाइली जागेवर गेल्या की ‘अनपॅक्ड’. जुळवणीची स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी ‘हाफ-कॉन्फिगर्ड’, आणि सगळं पार पडल्यावरच ‘इन्स्टॉल्ड’. मध्येच वीज गेली तरी नोंद खोटी ठरत नाही. दर बदलाला अख्खी फाइल पुन्हा लिहायला नको, म्हणून हे बदल आधी ‘अपडेट्स’ डिरेक्टरीत छोट्या फाइलींमध्ये साठतात आणि नंतर मुख्य फाइलीत मिसळले जातात. त्या वेळी आधीची प्रत ‘स्टेटस-ओल्ड’ म्हणून शिल्लक राहते.

पॅकेजमधल्या फाइलींनाही हीच शिस्त आहे. नवी फाइल थेट जुनीवर लिहिली जात नाही. ती ‘डीपीकेजी-न्यू’ असं शेपूट लावून शेजारी उतरते, डिस्कवर पक्की पोचवली जाते, मगच तिचं नाव बदलून तिला जुनीच्या जागी आणलं जातं. जुनी किंवा नवी, दोन्हींपैकी एक सापडतेच. अर्धीमुर्धी कधी नाही. संथ डिस्कवर याला वेळ लागतो, पण तो सत्कारणी लागतो.

कोणत्या पॅकेजने कोणत्या फाइली आणल्या, हे ‘इन्फो’ डिरेक्टरीतल्या याद्या सांगतात. पॅकेज बसवताना पडद्यावर ‘रीडिंग डेटाबेस’ म्हणत टक्के सरकत जातात, तेव्हा याच याद्या एकेक करून वाचल्या जात असतात. फेडोरात हेच काम करणाऱ्या आरपीएमने वेगळी वाट धरली. त्याच्या नोंदी बरीच वर्षं बर्कली डीबीच्या बायनरी फाइलींत असायच्या. फेडोराने २०२० मध्ये त्या एसक्यूलाइटमध्ये नेल्या. तिथे शोध झटपट लागतो, पण नोंदी वाचायला साधन लागतं. संगणक अर्धवट उभा असताना नुसत्या एडिटरने नोंदी पाहता येणं मला जास्त मोलाचं वाटतं. अशा वेळी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा दिली, की डीपीकेजी ‘स्टेटस’ फाइलच वाचतं आणि जुळवणी राहून गेलेली पॅकेजं हाती घेतं.