मोजक्यांच्या भाषा, मोठे व्यवहार

तुलनेने थोडे प्रोग्रॅमर वापरतात, ती दुर्मीळ भाषा. जुनी म्हणजे दुर्मीळ नव्हे: कोबोल १९५९ची, पण बँकांमध्ये तिचा पसारा आजही मोठा.

एर्लांग
- जन्म १९८६, स्वीडनच्या एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत. जनक: जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग, माइक विल्यम्स.
- नाव डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारूप एर्लांग यांचे. दूरध्वनी वाहतुकीच्या एककाचेही तेच.
- मूळ गरज: टेलिफोन एक्स्चेंज कधीच बंद पडू नये.
- रचना: लाखो हलक्या 'प्रोसेस', एकमेकींशी फक्त निरोपांतून बोलणाऱ्या. एक कोसळली की तिच्यावर नजर ठेवणारी तिला पुन्हा उभी करते. यंत्रणा चालू असतानाच कोड बदलता येतो.
- १९९८: एरिक्सनच्या एका विभागात नव्या उत्पादनांसाठी बंदी, त्याच वर्षी डिसेंबरात मुक्त स्रोत. घरी नकोशी झाली आणि गावाला मिळाली!
- व्हॉट्सॲपचे सर्व्हर एर्लांगवर उभे राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे १९ अब्ज डॉलरला घेत असल्याचे जाहीर केले. तेव्हा वापरकर्ते ४५ कोटी, कर्मचारी जेमतेम ५५.

इतर
- लिस्प: व्हायावेब हे ऑनलाइन दुकाने थाटून देणारे सॉफ्टवेअर (१९९५). याहूने १९९८ मध्ये घेतले. पुढे सी प्लस प्लस व पर्लमध्ये नव्याने लिहिले.
- ओकॅमल: शेअर व्यवहार करणारी जेन स्ट्रीट कंपनी.
- क्लोजर: ब्राझीलची न्यूबँक. ही भाषा जावाच्या यंत्रणेवर चालते, म्हणून जावाच्या तयार लायब्ररी आयत्या मिळतात.

खर्च कुठे? भाषा बहुधा फुकट. पैसे लागतात माणसे शोधण्यात, शिकवण्यात.